ममारी पाटीवर सत्तावीस नक्षत्रं? रापानुईची न वाचलेली चिन्हं आणि ताऱ्यांचं पंचांग

मघानक्षत्र | ५ जून, रात्री ११:१०

मे महिन्यात कृत्तिका सूर्याच्या उजेडात बुडतात आणि जूनमध्ये पहाटे पूर्वेला परत दिसू लागतात. आपल्याकडे नेमके तेव्हाच ढग भरून येतात. गेल्या नऊ वर्षांत हा पहिला उदय मला दोनदाच मिळाला, दोन्ही वेळा सह्याद्रीतल्या एका पठारावरून, पाऊस लांबला होता म्हणून. या उदयावर ज्यांनी आपलं वर्षच बांधलं, त्या पॅसिफिकमधल्या लोकांबद्दल मी त्या ओढीनं वाचू लागलो आणि रापानुईच्या लाकडी पाट्यांपाशी येऊन थांबलो.

रापानुई म्हणजे ईस्टर बेट. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर, क्षेत्रफळ जेमतेम १६४ चौरस किलोमीटर. मोआई पुतळे सगळ्यांना माहीत असतात. रोंगोरोंगो ही तिथली न वाचलेली लिपी फार थोड्यांना. १८६४ मध्ये यूजेन एरो नावाचा मिशनरी तिथे राहिला. घरोघरी चिन्हं कोरलेल्या लाकडी पाट्या आणि काठ्या आहेत, असं त्यानं पत्रात कळवलं. आज जगभरात अशा जेमतेम दोन डझन वस्तू उरल्यात. सगळ्यांवर मिळून पंधरा हजारांच्या आसपास चिन्हं. माणसं, पक्षी, मासे, कासवं, चंद्रकोरी, आणि असे कितीतरी आकार ज्यांना नाव देता येत नाही. सुरुवात खालच्या डाव्या कोपऱ्यातून करायची, ओळ संपली की पाटी उलटी फिरवायची आणि पुढची ओळ वाचायची. म्हणजे एकाआड एक ओळ डोक्यावर उभी.

यातली एक पाटी ममारी. साधारण २९ सेंटीमीटर लांब, दोन्ही बाजूंना चौदा-चौदा ओळी. एका बाजूच्या सहाव्या ओळीपासून पुढच्या अडीचेक ओळींत चंद्रकोरींची रांग आहे. हे चांद्र कालगणनेचं काहीतरी आहे, असं जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी १९५८ मध्ये दाखवलं. १९९० मध्ये जाक गी यांनी त्याचा बारकाईनं उलगडा केला. पॅसिफिकमधल्या या सगळ्या लिखाणात ज्याबद्दल अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे, असा हा एकच तुकडा.

आता माझी शंका. जाक गी सांगतात की मूळ रात्री अठ्ठावीस, शिवाय दोन राखीव. अठ्ठावीस हा आकडा वाचला आणि माझं मन दुसरीकडे गेलं. आपली नक्षत्रं सत्तावीस, अभिजित धरली तर अठ्ठावीस. चंद्र रोज एका नक्षत्रापाशी मुक्काम करतो. मग या कोरी म्हणजे चंद्राचे आकार नसून चंद्राचे मुक्काम असतील तर? मधली पक्ष्यामाशांची चिन्हं म्हणजे त्या त्या मुक्कामाचे तारे? रापानुईचे लोक हजारो मैलांचा समुद्र ताऱ्यांवर ओलांडून आले, त्यांनी लिहिलं तर तारेच लिहिले असतील असं मला आतून वाटतं. ओळी आलेखाच्या कागदावर उतरवून तीन महिने मांडामांड करतोय. चुकत असेन तर नेमकं कुठे, ते जाणकारांनी सांगावं म्हणून हा धागा.

---

केतकी_पान | ५ जून, रात्री ११:४२

वाखुसा (वाचनखूण साठवली). उद्या सावकाश वाचते.

---

अक्षरओळख | ६ जून, सकाळी ८:१५

विषय फार जवळचा आहे, म्हणून मोठा प्रतिसाद देतो. मी मोडीचे कागद वाचतो. मोडी वाचताना भाषा आपली असते, अक्षरांचा तक्ता हाताशी असतो, तरी अनोळखी हातची एक ओळ तासभर खाते. रोंगोरोंगोच्या वाट्याला यातलं काहीच नाही.

आधी चित्रांवरून अर्थ लावण्याबद्दल. १८७० च्या आसपास ताहितीचे बिशप जोसाँ यांना मळ्यात काम करणारा मेतोरो हा रापानुईचा माणूस भेटला. त्यानं चार पाट्या हातात घेऊन गाऊन दाखवल्या, ममारीही त्यांत होती. बिशपांनी शब्द न् शब्द उतरवला. वाचायला घेतलं तर हाती काय लागतं? माणूस बसलाय, पक्ष्याकडे बघतोय, हातात काहीतरी आहे. म्हणजे समोर दिसतंय त्याचं वर्णन. किरणं असलेल्या गोल चिन्हाला तो कधी सूर्य म्हणतो, कधी तारा. पुढे १८८६ मध्ये अमेरिकन जहाजावरच्या थॉमसननं ऊरे वाए इको या म्हाताऱ्याकडून पाट्यांच्या छायाचित्रांवरून पठण करून घेतलं. मध्येच छायाचित्र बदललं तरी त्याचं पठण तसंच चालू राहिलं, असं थॉमसननंच लिहिलंय. माझ्या मते त्या म्हाताऱ्यानं फसवलं नाही. जे पाठ होतं ते त्यानं जीव ओतून म्हटलं. पाठ करणं त्याला येत होतं, वाचणं त्याच्या पिढीच्या हातून गेलेलं होतं.

मग ममारीचं पंचांग पटतं ते कशावर? कोर चंद्रासारखी दिसते एवढ्यावर नव्हे. थॉमसननं आणि नंतर १९३४ मध्ये आल्फ्रेड मेत्रो यांनी बेटावरच्या लोकांकडून रात्रींची नावं क्रमानं लिहून घेतली होती. त्या यादीला एक घडण आहे. काही रात्रींना स्वतःची नावं, तर काही नुसत्या मोजलेल्या: कोकोरे ताही, कोकोरे रुआ, कोकोरे तोरू, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी. पौर्णिमेआधी असे सहा कोकोरे, पौर्णिमेनंतर पाच. पाटीवरच्या कोरींचे गट या घडणीला जुळतात. गटांच्या मध्ये चार चिन्हांचा एक ठरावीक तुकडा येतो, एकूण आठ वेळा. त्याच्या शेवटी दोरीला लटकलेला मासा. पौर्णिमेआधीच्या चारही तुकड्यांत माशाचं तोंड वर, नंतरच्या चारही तुकड्यांत खाली.

आपल्या भाषेत सांगायचं तर मासा वर म्हणजे शुद्ध, मासा खाली म्हणजे वद्य.

---

दर्यावर्दी | ६ जून, दुपारी १:३०

मी वीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. दक्षिण पॅसिफिकमध्ये पंधरा-सोळा दिवस जमीन दिसत नाही. तिथे मृग नक्षत्र उलटं लटकलेलं दिसतं, आपल्याकडे वर असतो तो काक्षी तिथे खाली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन मिनिटं ओळखच पटली नव्हती.

हे लोक ताऱ्यांवर चालायचे, यात शंका नको. १९७६ मध्ये होकुलेआ ही दुहेरी होडी हवाईहून ताहितीला एकाही उपकरणाशिवाय गेली. वाट दाखवणारे माऊ पियाइलुग हे सातावाल बेटाचे. त्यांची रीत अशी की क्षितिजावरच्या एका जागेतून रात्रभरात जे तारे एकामागून एक उगवतात, त्यांची माळ पाठ असायची. पहिला तारा वर चढला की दुसरा त्याच जागेवर सुकाणू देतो. १९९९ मध्ये होकुलेआ रापानुईलाही पोहोचली. समुद्रात एवढा छोटा ठिपका शोधायचा म्हणजे काय, हे ज्यानं नकाशावर कंपास फिरवलाय त्याला विचारा.

पण मघानक्षत्रजी, एक गोष्ट मनात येते. हे सगळं तोंडपाठ असायचं. माऊंनी लहानपणी दगडगोटे मांडून शिकलं. ज्याला तारे येतात त्याला ते लाकडावर लिहायची गरज पडत नाही, निदान वाट शोधण्यासाठी तरी नाही. लिहिलं असेल तर दुसऱ्या कारणासाठी.

आणखी एक, विषयाला थोडं सोडून. ममारी ज्या लाकडाची आहे ते झाड आमच्या खाडीच्या काठानं ओळीनं उभं आहे. भेंड, म्हणजेच परसपिंपळ. हृदयाच्या आकाराचं पान, सकाळी पिवळं आणि संध्याकाळी लालसर होणारं फूल. रापानुईत त्याला माकोई म्हणतात. लाकडांच्या अभ्यासक कॅथरीन ओर्लियाक यांनी हे तपासून सांगितलं. लहानपणी याच झाडाच्या फांद्यांवर बसून आम्ही होड्या मोजायचो. त्या पाटीचं छायाचित्र पाहिलं आणि लाकडाचा तो तपकिरी-तांबूस रंग लगेच ओळखीचा वाटला.

---

मघानक्षत्र | ६ जून, रात्री १०:०५

@अक्षरओळख, @दर्यावर्दी, मनापासून आभार. शुद्ध-वद्यचा मासा वाचून अंगावर काटा आला.

तरी हट्ट सोडवत नाही. रात्रींची यादी आणि नक्षत्रांची यादी एकाच रांगेत बसणार नाही का? आपल्या पंचांगात तिथी आणि नक्षत्र शेजारी-शेजारी असतातच.

---

सिंधुतीर | ७ जून, सकाळी ७:२०

सिंधू लिपीशी ही चिन्हं जुळतात असं लहानपणी एका मासिकात शेजारी-शेजारी चित्रं देऊन छापलेलं आठवतं. मोहेंजोदडोच्या मुद्रांवरचा माणूस आणि इथला माणूस हुबेहूब. तसं असेल तर नक्षत्रांचा संबंध आपोआपच लागतो ना?

---

अक्षरओळख | ७ जून, सकाळी ९:००

@सिंधुतीर, ती तुलना हेवेशी या हंगेरियन गृहस्थांची, १९३२ ची. पॅरिसमध्ये तेव्हा तिचा बराच गाजावाजा झाला. पण सिंधू नगरं इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास ओस पडू लागली. रापानुईवर वस्तीच मुळी बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपासची. मधे तीन हजार वर्षं आणि जवळपास अर्धी पृथ्वी. या सगळ्या अंतरात दोन्हींना जोडणारी एकही खूण कुठल्या बेटावर सापडलेली नाही. दोन्ही लिप्यांत शेकडो चिन्हं आहेत. काडीचा माणूस, मासा, फणी हे आकार कुठेही जुळणारच. निवडक जोड्या शेजारी ठेवल्या की डोळा फसतो.

आपल्याला ही जवळीक हवीहवीशी वाटते हे मी समजू शकतो. पण तिच्यापायी रापानुईच्या माणसांचं श्रेय त्यांच्या हातून जातं.

---

सिंधुतीर | ७ जून, सकाळी ९:२५

पटलं. धन्यवाद.

---

नीलांबरी | ७ जून, दुपारी ४:१०

मघानक्षत्र, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पंचांगातच आहे असं मला वाटतं. माझे आजोबा पंचांग सांगायचे, त्यांच्याकडून शिकलेली साधी गोष्ट लिहिते.

चंद्राला एका ताऱ्यापासून निघून त्याच ताऱ्यापाशी यायला सव्वासत्तावीस दिवसांहून थोडे जास्त लागतात. नक्षत्रं सत्तावीस ती म्हणून. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत मात्र साडेएकोणतीस दिवस, कारण तेवढ्यात सूर्यही पुढे सरकलेला असतो. ही दोन वेगळी चाकं आहेत. म्हणून पौर्णिमा दर महिन्याला दुसऱ्या नक्षत्रात पडते. चित्रेपाशी पडली तो चैत्र, कृत्तिकेपाशी पडली तो कार्तिक. आपल्या महिन्यांची नावंच त्यावरून आलीत.

आता पाटी बघा. रांगेच्या मध्यावर पौर्णिमेचं चिन्ह कायमचं कोरलेलं आहे आणि तिथूनच मासा उलटा होतो. कोरी म्हणजे नक्षत्रं असती, तर पौर्णिमेला एक जागा देताच आली नसती. ती दर महिन्याला दोन-अडीच घरं पुढे सरकली असती. पौर्णिमा जागेवर बांधलेली आहे म्हणजे ही रांग तिथींसारखीच, चंद्राच्या वयाची.

तुमचे अठ्ठावीस हे पूर्ण अठ्ठावीस नाहीतच. ते तीस वजा दोन राखीव आहेत. चंद्रमास कधी एकोणतीस रात्रींचा, कधी तिसांचा, म्हणून त्या दोन रात्री लागतील तशा घ्यायच्या.

फरकही सांगते. आपली तिथी गणिताची, चंद्र-सूर्यातल्या अंतराची, म्हणून तिची वृद्धी आणि क्षय दोन्ही होतात. तिथली रात्र डोळ्यांनी बघण्याची. सारखेपणा बघताना हे विसरायला नको.

---

मघानक्षत्र | ७ जून, रात्री ११:५०

नीलांबरीताई, तीन महिने ज्या कागदावर डोकं घातलं त्याचा निकाल तुम्ही पाच वाक्यांत लावलात. पौर्णिमा जागेवर बांधलेली आहे, हे मला रोज दिसत होतं आणि तरी दिसलं नाही. सत्तावीस नक्षत्रांची कल्पना मी मागे घेतो. ती माझ्या घरातली होती, त्यांच्या नव्हे.

त्या पौर्णिमेच्या चिन्हाबद्दल काल रात्री वाचलं ते इथे ठेवतो. मेतोरोनं त्याला नाव दिलंय, आकाशात उमू, म्हणजे जमिनीतली चूल, पेटवणारी म्हातारी. आपल्याला चंद्रावर ससा दिसतो, त्यांना चुलीपाशी बसलेली आजी.

जाक गींचा आणखी एक तर्क मला सुंदर वाटला. चंद्र पृथ्वीपासून लांब असतो तेव्हा लहान दिसतो आणि हळू चालतो. तेव्हा राखीव रात्र घ्यायची पाळी येण्याचा संभव जास्त. पौर्णिमेच्या आधी आणि नंतर सहाव्या रात्रीपाशी वरच्या अंगाला अर्ध्या मापाच्या छोट्या कोरी कोरलेल्या आहेत. त्यांच्या मते तिथे सूचना असावी, की चंद्र केवढा दिसतोय ते बघ आणि त्यावरून ठरव. हा तर्कच आहे, पण रोज आभाळ बघणाऱ्याला तो सहज पटतो.

---

ऑकलंडकर | ८ जून, पहाटे ३:३० (भारतीय वेळ)

न्यूझीलंडहून लिहितोय. इथे हा विषय पुस्तकातला नाही, सुट्टीच्या यादीतला आहे. २०२२ पासून मातारिकीची राष्ट्रीय सुट्टी असते. मातारिकी म्हणजे कृत्तिका. रापानुईच्या भाषेतही हेच नाव.

पहिल्या वर्षी सुट्टी २४ जूनला होती, २०२३ मध्ये १४ जुलैला, २०२४ मध्ये २८ जूनला. मुलीनं विचारलं, तारीख अशी उड्या का मारते? शोधलं तेव्हा कळलं की नुसता कृत्तिकांचा उदय पुरत नाही. पहाटे कृत्तिका परत दिसतात त्या सुमाराचा चांद्रमहिना पिपिरी. त्या महिन्यातल्या उतरत्या चंद्राच्या तांगारोआ नावाच्या रात्री धरायच्या आणि त्यांच्या जवळचा शुक्रवार सुट्टीला घ्यायचा. महिना कुठला हे तारे सांगतात, रात्र कुठली हे चंद्र सांगतो.

आता २०२३ ची गंमत बघा. २४ जूनच्या अकरा दिवस आधी म्हणजे १३ जूनच्या आसपास तीच चांद्र रात्र आली. पण ती ऋतूच्या मानानं फार लवकर पडली, म्हणून पुढचा चंद्र धरला गेला. त्याच वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण होता. दोन्हीकडे चंद्र आणि सूर्य यांच्यातला तोच हिशेब.

म्हणून मला वाटतं ‘चंद्राचं पंचांग की ताऱ्यांचं’ हा प्रश्नच तिथे लागू पडत नाही. रात्रींच्या नावांचं नातंही बघा. रापानुईत अमावास्येनंतरची रात्र हिरो, इथे माओरीत फिरो, हवाईत हिलो. शेवटाकडे रापानुईत मौरी आणि ओमुतू, हवाईत मौली आणि मुकू. रापानुईचा रोंगो हवाईत लोनो. हवाईच्या बोलीत ‘र’ चा ‘ल’ होतो, ‘त’ चा ‘क’ होतो, त्यामुळे आतुआ तिथे आकुआ आणि होतू तिथे होकू. रापानुईच्या मोजणीतले कोकोरे इथे कोरेकोरे. हजारो किलोमीटर पाण्यानं वेगळी झालेली घरं आणि रात्रींची नावं जवळपास त्याच क्रमानं. म्हणजे ही माळ होड्यांबरोबरच आली होती.

---

दर्यावर्दी | ८ जून, सकाळी ८:४०

ऑकलंडकर, फारच छान. आमच्याकडे मासेमारीवाले अजून तिथीवरूनच भांग (लहान भरती) आणि उधाण (मोठी भरती) सांगतात, त्यामुळे रात्रींची नावं जपण्याचं कारण मला लगेच कळतं. रापानुईत हिवाळ्याचे महिने खोल समुद्रातली मासेमारी बंद असे, तो तापू, म्हणजे निषिद्ध काळ. तो कधी सुटणार हे कळायला वर्षाचं मोजमाप लागणारच.

---

मघानक्षत्र | ८ जून, रात्री ९:३०

आज दिवसभर ऑकलंडकरांचा प्रतिसाद डोक्यात होता. आता प्रश्न नव्यानं मांडतो. तारे जर महिना ठरवत असतील, तर पाट्यांत शोधायची ती तीस घरांची रांग नाही, बारा-तेरा घरांची. महिन्यांची नावं थॉमसननं लिहून ठेवली आहेत: आनाकेना, होरा इती, होरा नुई, तांगारोआ उरी, तारा हाओ, वाइतू नुई, मारो वगैरे. इती म्हणजे लहान, नुई म्हणजे मोठा. ताऱ्यांपैकी मातारिकी आणि ताऊतोरू ही दोन नावं पक्की. ताऊतोरू म्हणजे मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे, तोरू म्हणजेच तीन. तारे बघत होते याला साक्षही आहे. १९१४ मध्ये संशोधक कॅथरीन रूटलेज बेटावर होत्या, त्यांना पूर्वेच्या टोकाकडचा एक खडक दाखवला गेला, पापा उई हेतूऊ, तारे पाहण्याचा खडक.

तर मग एखाद्या पाटीवर बारा-तेरा वेळा येणारा ठरावीक तुकडा आणि प्रत्येकापुढे वेगळं चिन्ह, असं काही सापडलं तर?

---

पडताळा | ९ जून, दुपारी १२:१५

आतापर्यंत वाचत होतो. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्या बाजूनं लिहितो.

ममारीचा तुकडा ओळखता आला तो यादीच्या घडणीमुळे, हे वर आलंच आहे. सहा सारखे, मग वेगळे, मग पौर्णिमा, मग पाच सारखे. अशी घडण योगायोगानं जुळणं कठीण. महिन्यांच्या यादीत ती घडणच नाही. होरा इती-होरा नुई ही एक जोडी आणि वाइतूची एक जोडी, बाकी सगळी सुटी नावं. म्हणजे बारा वेळा येणारा तुकडा सापडला तरी तो महिन्यांचा आहे हे कशावरून म्हणणार? तो वंशावळीचा असू शकतो, भेटवस्तूंचा असू शकतो. सोव्हिएत अभ्यासक बुतीनोव आणि क्नोरोझोव यांनी चिलीतल्या सान्तियागोत ठेवलेल्या छोट्या पाटीवर असाच फिरून-फिरून येणारा तुकडा दाखवला आणि तो वंशावळीचा असावा म्हटलं. तो अंदाज आजही विचारात घेतला जातो, पण सिद्ध झालेला नाही.

तारे तर याहून निसरडे. आभाळात डोळ्यांना दिसणारे तारे हजारो. बार्थेलच्या यादीत चिन्हं सुमारे सहाशे. कॉन्स्तान्तिन आणि इगोर पोझ्द्न्याकोव या अभ्यासकांनी जोडचिन्हं फोडून २००७ मध्ये मूळ चिन्हं ५२ वर आणली. सहाशे घ्या नाहीतर बावन्न, जुळवायला बसलं की प्रत्येक चिन्हाला एक तारा मिळतोच. म्हणून अट अशी हवी: कुठलं चिन्ह कुठला तारा हे आधी कागदावर लिहून ठेवायचं, मग न पाहिलेल्या दुसऱ्या पाटीवर लावायचं. तिथे आपोआप बसलं तर बोलायचं. पहिल्या पाटीवर कितीही छान बसलं तरी ते मोजायचं नाही.

स्टीव्हन फिशर या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात सान्तियागोतल्या चिन्हं कोरलेल्या लाकडी दंडावर सृष्टीच्या उत्पत्तीची स्तोत्रं आहेत असं जाहीर केलं होतं. अमुक-तमुकाच्या मीलनातून तमका जन्मला, असा साचा. सव्वा मीटरचा दंड, त्यावर तेवीसशेच्या वर चिन्हं. तो साचा इतर पाट्यांवर लावताच अर्थ विस्कटतो हे जाक गी आणि पोझ्द्न्याकोव यांनी दाखवलं. दुसऱ्या पाटीची कसोटी ही अशी असते.

---

अक्षरओळख | ९ जून, संध्याकाळी ६:००

+१ पडताळा.

याच संदर्भात एका मुलाबद्दल लिहावंसं वाटतं. तीसच्या दशकाच्या अखेरीला लेनिनग्राडच्या संग्रहालयात दोन पाट्या होत्या. बोरिस कुद्र्यावत्सेव हा विद्यार्थी त्या न्याहाळायचा. चिन्ह न् चिन्ह ताडून त्यानं दाखवलं की या दोन्ही पाट्या आणि सान्तियागोची मोठी पाटी यांच्यावर मजकूर जवळपास एकच आहे. कुठल्याही चिन्हाचा अर्थ त्यानं सांगितला नाही, सांगण्याचा प्रयत्नही केला नाही. पण एकच मजकूर तीन हातांनी लिहिला की कुठलं चिन्ह कशाच्या जागी चालतं ते कळतं, आणि पुढचं सगळं काम त्यावर उभं राहिलं. तो महायुद्धात गेला. लेख त्याच्या मागे १९४९ मध्ये छापून आला.

मघानक्षत्र, तुमच्याकडे चिकाटी आहे आणि आलेखाचा कागद आहे. तारे शोधण्याआधी या तीन पाट्या शेजारी मांडून बघा.

---

केतकी_पान | १० जून, सकाळी १०:३०

दोनदा वाचला धागा. एक विचारू? हे वाचणारे लोक गेले कुठे? एरो आला १८६४ मध्ये आणि घरोघरी पाट्या होत्या, मग तेव्हा कुणालाच कसं विचारलं नाही?

---

अक्षरओळख | १० जून, दुपारी २:००

केतकी, हा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा होता.

डिसेंबर १८६२ पासून पेरूची जहाजं गुलाम धरायला बेटावर येऊ लागली. काही महिन्यांत दीड हजारांच्या आसपास माणसं नेली. राजघराण्यातली माणसं आणि पाट्या वाचणारे त्यांत होते. दबाव आल्यावर काही जणांना परत पाठवलं, वाटेत बहुतेक मेले, आणि जे मोजके उतरले त्यांच्याबरोबर देवी आली. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. एरो आला तो छाप्यांनंतर लगेच. पाट्या होत्या, वाचणारे जवळपास संपले होते.

त्याआधीचं चित्र रूटलेज यांना म्हाताऱ्यांनी सांगितलं. न्गाआरा नावाचा राजा दरवर्षी आनाकेनाच्या किनाऱ्यावर वाचणाऱ्यांचा मेळावा भरवायचा. प्रत्येकानं आपली पाटी घेऊन यायचं, सगळ्यांसमोर म्हणून दाखवायची, राजा ऐकायचा. ममारी त्याच्याकडची होती असं सांगतात. तो वारला छाप्यांच्या थोडंसं आधी.

आज एकही पाटी बेटावर नाही. रोम, सान्तियागो, सेंट पीटर्सबर्ग, बर्लिन, व्हिएन्ना, लंडन, वॉशिंग्टन, होनोलुलू. मेतोरोनं गायलेली केइती ही पाटी १९१४ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँच्या ग्रंथालयाबरोबर जळाली.

---

नीलांबरी | १० जून, रात्री ८:२०

वाचून सुचेना काही. रापानुई भाषा बोलणारे लोक तिथे आजही आहेत ना, तेवढा धीर वाटतो.

वयाबद्दल एक जोड देते. २०२४ मध्ये इटलीतल्या सिल्व्हिया फेरारा आणि सहकाऱ्यांनी रोममधल्या पाट्यांचं कार्बन कालमापन प्रसिद्ध केलं. एका पाटीचं लाकूड १४९३ ते १५०९ मधलं निघालं, म्हणजे रोगेव्हेन हा डच खलाशी १७२२ च्या ईस्टरला तिथे पोहोचला त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. अर्थात हे झाड तोडल्याचं वय, कोरल्याचं नव्हे. कोरणं नंतरचंही असू शकतं. पण युरोपीय कागदपत्रं पाहून ही लिपी सुचली असं जे म्हटलं जायचं, ते आता पूर्वीइतकं ठाम म्हणता येत नाही. त्यांनी ती स्वतः घडवली असेल, तर जगात अशा जागा फार थोड्या आहेत.

---

मघानक्षत्र | १४ जून, पहाटे ५:५५

चार दिवस गप्प होतो, कारण अक्षरओळख यांनी सांगितलं तेच करत होतो. तिन्ही पाट्यांच्या ओळी लांब पट्ट्यांवर उतरवून जमिनीवर शेजारी अंथरल्या आहेत. आतापर्यंत अकरा ओळी झाल्या. एका पट्टीवर दोन चिन्हं सुटी, तर दुसरीवर तीच दोन्ही एकमेकांत गुंतवून कोरलेली, हे सहा ठिकाणी मिळालं. जाणकारांना हे जुनंच असणार. मला ते स्वतःच्या बोटाखाली दिसलं.

ताऱ्यांचं चिन्ह शोधत नाहीये. किरणांचं गोल चिन्ह आलं की हात थबकतो, पण तिथे फक्त बार्थेलचा क्रमांक लिहितो आणि पुढे जातो. धाग्याचं शीर्षक बदलत नाही. मी कुठून निघालो ते नवीन वाचणाऱ्याला कळावं.

आज पावणेपाचला गच्चीवर गेलो होतो. पूर्व पूर्ण झाकलेली. ऑकलंडकर, तुमच्याकडे कृत्तिका दिसायला लागल्या की इथे दोन ओळी नक्की लिहा.

---

ऑकलंडकर | २१ जून, मध्यरात्री १२:१० (भारतीय वेळ)

दिसल्या. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांवरून उत्तरेकडे, म्हणजे इथून डावीकडे सरकत गेलो, रोहिणी लागली, आणि तिच्याही पुढे, अगदी खाली, धुकट पुंजका. मुलीला सहा मोजता आल्या, मला पाच. कडाक्याची थंडी होती.